‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प झाले: इंटरव्ह्यूनंतर पलीकडे नेमकं काय चालतं?

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून एक नियम लागू झाला. २५ किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या कंपनीनं जाहिरात देऊन इंटरव्ह्यू घेतले, तर शेवटच्या इंटरव्ह्यूनंतर ४५ दिवसांच्या आत उमेदवाराला कळवायचं की या जागेचा निर्णय झाला की नाही. ही बातमी नोकरी शोधणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा खाली लगेच प्रश्न पडला: ‘आपल्याकडे कधी?’

आपल्याकडे खासगी कंपन्यांवर असं बंधन घालणारा कायदा नाही. मुंबईच्या बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) काचेच्या इमारतीत तुमचे तीन राउंड झाले, त्यासाठी तुम्ही ‘बँकेत काम आहे’ सांगून दोनदा हाफ डे टाकला, आणि त्यानंतर कंपनीनं चकार शब्द काढला नाही, तरी तिनं कुठलाही नियम मोडलेला नसतो. शिष्टाचार मोडला, एवढंच.

मी बरीच वर्षं अंधेरीत भरतीचं काम करतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसतो. तिथून दिसणारी गोष्ट अशी की या शांततेवरून उमेदवार स्वतःबद्दल जो निष्कर्ष काढतात, तो सहसा चुकलेला असतो. फोन येत नाही याचं कारण बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा तरी निर्णय अडलेला असतो. तो कुणाचा, कशामुळे, आणि तोवर तुमच्या हातात काय उरतं, ते पाहू.

फाइल जाते कुठे?

तुम्ही इंटरव्ह्यू देऊन लिफ्टमध्ये शिरता, तेव्हा आत सहसा काहीच घडत नाही. पॅनलवरचे साहेब पुढच्या मीटिंगला पळालेले असतात. तुमच्याबद्दलचा अभिप्राय त्यांनी एटीएसमध्ये भरायचा असतो. एटीएस म्हणजे अर्ज आल्यापासून जॉइनिंगपर्यंत कोण कुठल्या टप्प्यावर आहे याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. लहान कंपनीत हेच काम एक्सेलच्या शीटवर चालतं. अभिप्राय भरला गेला नाही तर फाइल जागची हलत नाही, आणि तो भरून घेण्यात एचआरमधल्या पोरांचा अर्धा दिवस जातो. ‘सर, कालच्या कॅन्डिडेटचं फीडबॅक?’ ‘हो हो, टाकतो.’ शुक्रवारी पुन्हा तेच.

अभिप्राय चांगला आला की पगाराचं गणित सुरू होतं. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षभरात येणारा एकूण खर्च. त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरतात, म्हणून हातात पडणारा पगार त्याहून कमी असतो. तुम्ही सांगितलेला आकडा त्या पदाच्या ठरलेल्या मर्यादेत बसतो का? टीममध्ये चार वर्षं राबणाऱ्या माणसाच्या पगाराच्या वर जातो का? गेला तर उद्या तोही एचआरच्या दारात उभा राहणार. हे निस्तरलं की मंजुऱ्या. विभागप्रमुख, फायनान्स, आणि कंपनी परदेशी असेल तर सिंगापूर किंवा लंडनचं ऑफिस. या साखळीतला एक माणूस गणपतीला कणकवलीला गेला की तुमचा आठवडा गेला.

कॅलेंडरही बघा. भारतीय कंपन्यांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अनेक ठिकाणी नव्या जागांवर हात आखडता घेतला जातो आणि नवं बजेट एप्रिलपासून हळूहळू मोकळं होतं. ज्या परदेशी कंपन्यांचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर चालतो, तिथे डिसेंबरात मंजुरी देणारा माणूसच जागेवर सापडत नाही. दिवाळीचा पंधरवडा तर दोन्हीकडे धरूच नका. कधी कधी भरत आलेली जागाच वरून थांबवली जाते. याला ‘हायरिंग फ्रीझ’ म्हणतात. गंमत अशी, की ही बातमी बाहेर जाऊ नये असं कंपनीला वाटतं, त्यामुळे एचआरलाही ‘प्रोसेस चालू आहे’ एवढंच बोलायची मुभा असते.

नाही घ्यायचं, तर नाही म्हणायला काय जातं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो.

भरतीची शीट कधी उघडून पाहिलीत तर तिच्यात तीन रंग दिसतील. हिरवी ओळ म्हणजे सिलेक्ट, लाल म्हणजे रिजेक्ट, पिवळी म्हणजे होल्ड. इंटरव्ह्यू झालेल्या जागेच्या शीटमध्ये पिवळ्या ओळी सगळ्यात जास्त असतात. लाल ओळीतल्या माणसाला नकार कळवणं सोपं. पिवळ्या ओळीतल्याला काय सांगणार? ‘तुम्ही चांगले आहात, पण आमचा पहिला पर्याय दुसरा आहे, तो आला नाही तर तुम्हाला बोलावू’ हे खरं असतं. पण असं सांगितलं की तुम्ही चिडून दुसरीकडे जाल, किंवा आलात तर पगारासाठी अडून बसाल, ही कंपनीची भीती.

कोकणात जाणाऱ्या गाडीचं वेटिंगचं तिकीट काढलंय, असं समजा. तुमचा नंबर पुढे सरकतो तो वरच्या कुणीतरी तिकीट रद्द केलं तरच. तुम्ही प्रवासी म्हणून किती लायक आहात, याचा तिथे संबंध नाही. पण रेल्वे तुम्हाला नंबर सांगते आणि चार्ट लागला की सोक्षमोक्ष लावते. कंपनी तुम्हाला वेटिंगवर ठेवते, पण नंबर सांगत नाही. तुम्ही यादीत आहात हेही सांगत नाही, आणि चार्ट कधी लागणार हे तिला स्वतःलाच ठाऊक नसतं.

ठाऊक नसतं याचं कारण नोटीस पीरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीत काढावा लागणारा काळ. आयटी आणि बँकिंगमध्ये तो कितीतरी ठिकाणी ९० दिवसांचा असतो. हिरव्या ओळीतल्या माणसानं ऑफर घेतली, राजीनामा दिला, आणि पुढचे तीन महिने तो बाजारात ‘लवकर जॉइन होऊ शकणारा’ म्हणून आणखी चार ठिकाणी इंटरव्ह्यू देत हिंडतो. जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवू पाहते. कधी कधी तो जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करून बसतो. आमच्याकडे रिसेप्शनवर लॅपटॉप, आयडी कार्ड, वेलकम किट मांडून ठेवलेलं, आणि माणूस गायब, हे दृश्य नवं नाही. मग शीट उघडायची आणि पिवळ्या ओळींना फोन लावायचे. इंटरव्ह्यूनंतर अडीच महिन्यांनी ‘अजून इंटरेस्टेड आहात का?’ असा फोन येतो तो असा.

उमेदवार दगा देतात म्हणून कंपन्या पर्याय राखून ठेवतात, आणि कंपन्या बोलत नाहीत म्हणून उमेदवार चार ऑफर खिशात घेऊन फिरतात. यात आधी कोण बिघडलं यावर वाद घालता येईल. माझ्या मते लाल ओळीतल्यांनाही न कळवणं हा मात्र निव्वळ आळस आहे. तिथे वेटिंगची सबब चालत नाही.

एक पुस्ती: एटीएसमधून आपोआप जाणारी नकाराची ईमेल पुष्कळदा ती जागा सिस्टीममध्ये कायमची बंद केली की सुटते. म्हणून जूनमध्ये दिलेल्या इंटरव्ह्यूचा नकार नोव्हेंबरात येतो, तोवर तुम्ही दुसरीकडे कन्फर्मही झालेले असता.

‘पण माझा इंटरव्ह्यू तर मस्त झाला होता’

झाला असेल. तासभर गप्पा रंगल्या, साहेबांचं आणि तुमचं कॉलेज एक निघालं, चहा आला. यातून पॅनलला तुम्ही आवडलात एवढं कळतं. तुमच्यानंतर आलेला माणूसही आवडला असेल, हे कळत नाही. ‘कधी जॉइन होऊ शकाल?’ आणि ‘अपेक्षा किती?’ हे प्रश्न जवळपास सगळ्यांना विचारतात. त्यावर पेढे वाटू नका.

खरी खूण कागदपत्रांची. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा) नंबर, आधीच्या वरिष्ठांचे फोन नंबर, हे राउंड संपल्यावर मागितलं, तर पगाराचं गणित मांडायला घेतलंय असं समजायला हरकत नाही. काही कंपन्या मात्र अर्जाच्या वेळीच सगळं मागून घेतात. तिथे ही खूण निरुपयोगी.

आणि जाहिरात अजून दिसतेय याचा अर्थ ‘माझा पत्ता कट झाला’ असाही नव्हे. पोर्टलवर ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून टाकलेली जाहिरात जागा भरल्यावरही मुदत संपेपर्यंत तशीच राहते. उलटही घडतं: जागा आतल्याच माणसाला द्यायची हे ठरलेलं असतं आणि कंपनीच्या धोरणात बसावं म्हणून बाहेरच्या तिघांना बोलावलं जातं. बाहेरून हे ओळखता येत नाही. विरारहून धक्के खात आलेल्या मुलाला अशा इंटरव्ह्यूला बसवताना आम्हालाही लाज वाटते, पण बसवतो.

एजन्सीवाला दिवसाला तीन फोन करायचा, आता उचलत नाही

त्याचं अर्थकारण कळलं की राग थोडा निवळेल. एजन्सीला, म्हणजे कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या कन्सल्टन्सीला, पैसे कंपनी देते. चालू दर बहुतेक ठिकाणी उमेदवाराच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. बारा लाखांच्या जागेवर एक लाख. हे पैसे उमेदवार जॉइन झाल्यावरच मिळतात, आणि तो पहिल्या काही महिन्यांत सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो. त्यामुळे इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री ‘सर, उद्या नक्की जाताय ना?’ म्हणून जीव काढणारा मुलगा नकार आल्यावर तुमच्यासाठी एक मिनिटही घालवत नाही; त्याला महिन्याचं टार्गेट असतं. शिवाय कंपनीनं त्यालाही काही कळवलेलं नसतं, आणि ‘मला माहीत नाही’ म्हणणं त्याच्या धंद्याला शोभत नाही.

वाट पाहणं नकारापेक्षा जड का जातं?

लंडनच्या यूसीएल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या खेळात दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. लोकांवरचा ताण सगळ्यात जास्त कधी होता, तर झटका बसण्याची शक्यता पन्नास टक्के असताना. झटका बसणारच हे नक्की ठाऊक असताना ताण कमी होता. इंटरव्ह्यू दिलेला माणूस नेमका त्या पन्नास टक्क्यांवर बसवलेला असतो. त्यात आई सकाळी ‘आला का रे फोन?’ विचारते आणि सोसायटीतल्या काकू संध्याकाळी लिफ्टमध्ये.

विचारलं तर गरजू वाटणार नाही का?

नाही. फक्त कुणाला, कधी आणि कसं, याला महत्त्व आहे.

सगळ्यात चांगली वेळ इंटरव्ह्यू संपतानाची. उठता उठता ‘पुढचा टप्पा काय असेल आणि साधारण कधीपर्यंत कळेल?’ असं विचारायचं. यात कुणालाही वावगं वाटत नाही, आणि तुमच्या हातात एक तारीख येते. त्या तारखेवर दोन-तीन कामाचे दिवस सोडून एचआरला ईमेल करा. पॅनलवरच्या साहेबांना लिंक्डइनवर शोधून मेसेज टाकू नका. तो मेसेज ते एचआरलाच पाठवतात, वर कपाळावर आठी घालून. ईमेलमध्ये पद, इंटरव्ह्यूची तारीख आणि ‘काही माहिती हवी असल्यास देतो’ एवढं पुरतं. रात्री अकराला ‘हाय सर एनी अपडेट’ असा मेसेज आला की पाठवणारा कोण हे शोधण्यातच वेळ जातो, कारण तसे दहा आलेले असतात.

तुमच्याकडे दुसरी ऑफर असेल आणि तिला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. अडलेली फाइल हलवायला याच्याइतकं काही उपयोगी पडत नाही, कारण एचआरला वरच्यांपुढे ठेवायला एक मुदत मिळते. नसलेली ऑफर मात्र सांगू नका. ‘घ्या मग ती’ असं उत्तर आलेलं मी पाहिलंय.

दोन ईमेलना उत्तर आलं नाही तर तिसरी लिहू नका. अर्ज करणं तर पहिल्या दिवसापासूनच थांबवायचं नाही.

फोनचंही बघा. एचआरवाले दिवसभर अनोळखी लोकांना फोन करतात, लोक कंटाळून ते नंबर स्पॅम म्हणून नोंदवतात, आणि मग ट्रूकॉलरवर तो नंबर लाल दिसतो. तुम्ही कापलेला ‘लोनवाल्याचा’ फोन ऑफरचा असू शकतो. लोकलमध्ये, कुर्ला-शीवच्या मध्ये कुठेतरी आला तर उचलून ‘पंधरा मिनिटांत करतो’ एवढं सांगितलं तरी चालतं. ईमेलचं स्पॅम फोल्डरही रोज एकदा उघडा.

सरकारी भरतीत तरी बरं असेल?

तिथे निदान यादी लागते, गुण लागतात. एमपीएससीनं तर ज्यांना पद नको आहे त्यांनी भरतीतून बाहेर पडावं, म्हणजे खालच्या उमेदवाराला संधी मिळेल, असा पर्यायही ठेवलाय. खासगी कंपनीत न मिळणारं आणखी एक हत्यार म्हणजे माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. दहा रुपये शुल्क भरून निवड प्रक्रियेची माहिती मागता येते आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पण यादीत नाव आलं म्हणजे नोकरी लागली, असं मात्र तिथेही नाही. शंकरसन दास खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की गुणवत्ता यादीत नाव आल्यानं नियुक्तीचा अबाधित हक्क मिळत नाही. सरकार जागा रिकामी ठेवू शकतं, फक्त मनमानी करू शकत नाही. अनेक मुलांची वर्षं या ‘फक्त’मध्ये जातात.

ऑफर आली, आता तरी सुटलो?

आधी ती कशी आली ते बघा. फोनवर ‘वेलकम टू द टीम’ म्हटलं म्हणजे ऑफर हातात आली, असं धरू नका. लेटर ऑफ इंटेंट म्हणजे ‘घ्यायचा इरादा आहे’ असं पत्र; त्यावर जॉइनिंगची तारीख असेलच असं नाही. २०२२ मध्ये कॅम्पसवरून निवडलेल्या काही इंजिनिअरना आयटी कंपनीत रुजू व्हायला २०२४ उजाडलं होतं.

ऑफर लेटर हा कायद्याच्या भाषेत प्रस्ताव. भारतीय करार कायदा १८७२ सालचा, तोच इथे लागू पडतो. त्याच्या कलम ५ नुसार प्रस्ताव देणारा तो मागे घेऊ शकतो, पण तुमची स्वीकृती रवाना होण्याआधीच. म्हणून पत्र नीट वाचून, पटलं तर लगेच ईमेलनं लेखी स्वीकार कळवा आणि ती ईमेल जपून ठेवा. पत्रात ‘पडताळणीच्या अधीन’ असं जवळपास नेहमीच असतं. ही पडताळणी म्हणजे तुमचं शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, पत्ता खरा आहे का याची तपासणी. जुन्या नोकरीची तारीख एका महिन्यानं सरकवून सांगितली असेल तर ती पीएफच्या नोंदीत सापडते आणि आलेली ऑफर जाते. राजीनामा द्यायचा तो लेखी ऑफर हातात पडल्यावरच, आणि जमत असेल तर पडताळणी झाल्यावर.

वाट पाहणाऱ्यांवर टपलेले

महिनाभर फोनकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला एक दिवस ईमेल येते: तुमची निवड झाली, लॅपटॉपसाठी परत मिळणारं डिपॉझिट भरा. नाव मोठ्या कंपनीचं, लोगो हुबेहूब, ईमेलचा पत्ता मात्र जीमेलचा. तुम्ही खरंच त्या कंपनीत इंटरव्ह्यू दिलेला असेल तर विश्वास बसायला वेळ लागत नाही. खरी कंपनी प्रशिक्षण, गणवेश, पडताळणी यांतल्या कशासाठीही आधी पैसे मागत नाही, आणि एजन्सीला तिचे पैसे कंपनीकडूनच मिळतात, हे वर आलंच आहे.

आखातातल्या नोकऱ्यांचा नियम थोडा वेगळा आहे. मुंबईत अशा एजन्सी पुष्कळ आहेत. त्यातल्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, तेही पावती देऊन. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येते. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. जितक्या लवकर तक्रार जाईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.